पोलिसाला कोण घर देतं

आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि आता या वयात ती मोडायची मला हौसही नाही. तेव्हा इथे ते 'हे'च राहतील. हे पोलीस खात्यात साधे शिपाई होते. शिपायाला जमादार म्हणायचं आणि जमादाराला फौजदार, अशी खेड्यातली रीत, त्यामुळे शिपायाच्या पगारावर मी काही वर्षं जमादारीणबाई म्हणून मिरवून घेतलं. मान फुकट मिळत होता. घर मात्र फुकटही मिळत नव्हतं आणि भाड्यानंही.

लग्नानंतर दोन वर्षं आम्ही नगरला पोलीस लायनीत होतो. एक खोली, पुढे हातभर पडवी, आणि सगळ्या रांगेला मिळून एक नळ. त्या नळावर बायकांची रोज जुंपायची, त्यात मीही मागे नव्हते. पण डोक्यावरचं कौल सरकारचं होतं. सकाळी उठून 'निघा' म्हणायला कुणी दारात येणार नव्हतं. त्याची किंमत मला मिरजगावला बदली झाल्यावर कळली.

मिरजगावला लाईन नव्हती. घरभाड्यासाठी सरकार जे काही द्यायचं ते सगळ्या जिल्ह्याला एकसारखं, कारण सरकारच्या लेखी सगळी गावं एकच. मिरजगाव पडलं सडकेवरचं, व्यापाराचं गाव. बऱ्या खोल्या अडत्यांनी आधीच अडवलेल्या. आम्हाला झेपली ती मिरच्यांच्या वखारीमागची खोली. पुढे पोती हलली की मागे आम्हाला ठसका लागायचा. माझा पहिला मुलगा त्या खोलीत नऊ महिन्यांचा झाला आणि खोकून खोकून गेला. डॉक्टर म्हणाले होते, खोली बदला. त्यांना काय जातंय म्हणायला! मला त्या गोष्टीचा अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे अजून कळलेलं नाही.

खर्ड्याला बदली झाली तेव्हा श्रावण होता आणि मला पुन्हा दिवस गेले होते. तिकडे जर्मनांशी लढाई चालू होती. खर्ड्यापासून थोड्या कोसांवर निजामाची हद्द लागायची, लोक तिला मोगलाई म्हणत. हद्दीवर एक नाका होता. तिथे ह्यांची पाळी असली की दोन-दोन दिवस घरी येणं नसे. घरी म्हणजे कुठे, तर चौकीच्या मागच्या पत्र्याच्या पडवीत. एका बाजूला माझी चूल, दुसऱ्या बाजूला कोठडीची भिंत. आतला कैदी रात्रंदिवस खाकरायचा आणि मी पोटावर हात ठेवून ऐकत बसायची.

गावात घरं नव्हती असं नाही. हे दारोदार फिरले. कुणी म्हणालं, "पोलिसाला घर दिल्यावर भाडं मागायचं कुनी?" कुणी म्हणालं, "उद्या दारात चोर-चिलट बांधून आनशीला." एका म्हातारीनं सरळच सांगितलं, "तुमी मानूस वाईट न्हाई वो, पर तुमच्यामागं सरकार येतं." म्हातारी खरं बोलली होती. पण तेव्हा मला ती खडूस वाटली, आणि मनातल्या मनात मी तिला पुष्कळ शिव्या घातल्या.

मग एके दिवशी, सगळं गाव ज्यांना मालक म्हणायचं ते आपण होऊन चौकीवर आले. गावातले ते मोठे व्यापारी, कंट्रोलचं दुकान त्यांच्याकडे. लढाईमुळे धान्य मोकळं विकत मिळत नव्हतं. सरकार ज्वारी पाठवायचं आणि ती कार्डावर ह्या दुकानातून वाटली जायची. मालकांनी पडवी पाहिली, मला पाहिलं आणि ते चुकचुकले. "वैनी अवघडलेल्या, आन् तुमी त्यास्नी हितं ठिवलंय जमादार? गावाची अब्रू जाती हो."

त्यांचं एक घर वेशीजवळ रिकामं होतं. तीन खोल्या, पुढे अंगण, मागे बोळ. भाडं त्यांनी इतकं कमी सांगितलं की ह्यांनी दोनदा विचारून घेतलं. "दोनच गोष्टी हायत," मालक म्हणाले. "बोळाकडची खोली माझ्या कुलपात ऱ्हाईल, जुनं सामान हाय. आन् तुमचा सरकारी कपडा पुढल्या अंगनात वाळत घालायचा, वाटंवरनं दिसंल असा. तेवढाच चोरांना वचक."

मला हसू आलं. मालक गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "म्हंजी चोर तुमच्या कोटाला भितात, तुमाला न्हाई." ह्यांना काही हसू आलं नाही. ते म्हणाले, "एवढं सस्तं का देतोय त्यो?"

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, मिरजगावात म्हाग देऊन काय मिळालं? हे गप्प झाले. मुलाचा विषय काढला की ते नेहमीच गप्प व्हायचे, आणि मला ते ठाऊक होतं. मी तो मुद्दाम काढला होता.

खात्याचा नियम असा होता की नेमणुकीच्या गावात शिपायानं घर घेतलं की मालक कोण आणि भाडं किती हे जामखेडला फौजदारांना लेखी कळवायचं. हे दोनदा कागद घेऊन बसले. खरं भाडं लिहावं तर साहेब विचारणार, इतकं कमी का? वाढवून लिहावं तर ते खोटं. दोन्ही वेळा कागद तसाच घडी करून ठेवला. तिसऱ्यांदा बसले तेव्हा मीच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. सायेब काय आपल्याला घर देनार हायत?" ते बोलणं माझं होतं. ह्यांच्यावर ढकलायची सोय नाही.

घर फार चांगलं होतं. जमीन मी दोन दिवसांत सारवून काढली. अंगणात दोरी बांधली आणि ह्यांचा गणवेश तिच्यावर वाळत घालायला लागले. खाकी कोट, अर्धी विजार आणि पायाला गुंडाळायच्या त्या लांबलचक पट्ट्या. पट्ट्या वाऱ्यानं अंगणभर फडफडायच्या. ह्यांना गणवेशाचे दोन जोड होते, एक अंगावर आणि एक दोरीवर. वाटेनं जाणारी माणसं दोरीकडे बघायची आणि जरा आवाज कमी करून पुढे जायची. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, खूप वाटला.

विहिरीवर गेले की बायका बाजूला व्हायच्या. "जमादारीणबाईंना आधी भरू द्या," कुणीतरी म्हणायचं. चाललेलं बोलणं थांबायचं आणि मी घागर घेऊन वळले की पुन्हा सुरू व्हायचं. नगरच्या नळावर भांडून पाणी भरलेली मी, मला हे सुख वाटलं. पंधरा दिवसांनी मात्र मला त्या विहिरीवर जावंसं वाटेना. कुणी भांडेना, कुणी चेष्टा करेना, कितवा महिना असंसुद्धा कुणी विचारेना.

पावसानं त्या वर्षी ओढ दिली होती. भाद्रपद सरता सरता मालकांचा गडी पहिल्यांदा निरोप घेऊन आला. "मालकानं सांगितलंय, आज कोट भाईर घाला."

मी म्हटलं, "धुनं कालच झालं. कोट इस्त्री करून ठेवलाय." तांब्यात निखारे घालून मी स्वतः इस्त्री केली होती.

"मंग वल्ला करून घाला," गडी म्हणाला. तो हसत नव्हता.

मी तो इस्त्रीचा कोट पाण्यात बुडवला आणि पिळून दोरीवर टाकला. असं का, हे मी विचारलं नाही. हे त्या दिवशी नाक्यावर होते. दुपारी जेवणं होऊन वाट सामसूम झाली तेव्हा भिंतीपलीकडून, त्या कुलपातल्या खोलीतून, काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जड होतं. थांबायचं, पुन्हा ओढायचं. भिंतीशी नाक नेलं तर जुन्या सामानाचा वास नव्हता, ज्वारीचा होता.

त्यानंतर निरोप येत राहिले. ह्यांची पाळी नाक्यावर लागली की हमखास. एका दुपारी मी मुद्दाम राखेची पाटी घेऊन मागच्या बोळात गेले. दोन गाड्या लागल्या होत्या. पोती भरून वर कडबा टाकण्याचं काम चाललं होतं, भर उन्हात, कुणाची घाई नाही की लपवाछपवी नाही. गाडीवाल्यानं मला पाहिलं आणि हात जोडले. "रामराम जमादारीणबाई."

तो दचकला असता तर बरं झालं असतं. मी राख तिथेच ओतली आणि घरात येऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. कंट्रोलच्या दुकानावर तेव्हा आठ-आठ दिवस 'माल आला नाही' असं सांगत. तो माल माझ्या भिंतीपलीकडून, नाका चुकवून आडवाटेनं मोगलाईत जात होता, कारण तिकडे भाव चढा होता. आणि ह्यांचा कोट अंगणात लटकत असल्यामुळे सगळ्या गावाला वाटत होतं की हे पोलिसाच्याच हातनं चाललंय. तक्रार करायची तर कुणाकडे? ज्याच्याकडे करायची त्याच्याच घरात पोती होती.

ह्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे त्याच पावली जामखेडला गेले असते. हे तसेच होते, आडमुठे. आणि मग मी पुन्हा त्या पडवीत, कोठडीच्या भिंतीला टेकून बाळंत झाले असते. मला सातवा चालू होता. मी ठरवलं, मूल होऊ द्यावं आणि मग सांगावं.

एका बाईपाशी मात्र ते बोलावं लागलं. माझं बाळंतपण करायला येणारी सुईण किल्ल्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीतली होती. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात काम शिकलेली, विधवा, हात अगदी हलका. मी तिला मावशी म्हणायची. मुलगा, सून आणि दोन नातवंडं असं तिचं घर होतं. आश्विनात एकदा पोट तपासून झाल्यावर ती उठली नाही.

"वैनी, तुमच्या मागल्या बोळात ज्वारी सांडती," ती म्हणाली. "आमच्या वस्तीतल्या बाया यिऊन मातीतनं येचून नेत्यात. माझी सूनबी येती."

मी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुमच्या जमादारांना ठावं न्हाई, हे मला कळतंय. त्यो मानूस तसा न्हाई. तुमी त्यास्नी सांगा. आमचं कोन ऐकनार?"

मी म्हटलं, "मावशी, मला सुटू द्या. घर गेलं तर मी ह्या लेकराला घिऊन कुठं जाऊ? माझं एक गेलंय वो." आणि मी रडले. ते रडणं खरं होतं, पण त्याचा उपयोग मला कळत होता.

मावशीनं पोटावर पदर सारखा केला. "बरं," ती म्हणाली. "लेकरू सुखरूप यिऊ द्या. मी कुटं जात न्हाई." दुसऱ्या आठवड्यात ती ठरल्या वेळी आली, जणू काही बोलणं झालंच नव्हतं.

दिवाळी झाली आणि वाटेनं माणसं जायला लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, एखाद्याच्या हातात कोंबडी. वेशीतून बाहेर पडायचं तर आमच्या अंगणावरूनच वाट होती. कालव्याच्या मुलखात उसाच्या मळ्यांवर काम आहे असं ऐकून चालली होती. जाताना एकूणएक माणूस दोरीवरच्या कोटाकडे बघायचं. मी दारात उभी असले तरी माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी दार लावून घ्यायला लागले.

मार्गशीर्षात एका सकाळी कळा सुरू झाल्या. त्याच सकाळी गडी निरोप घेऊन आला होता, आणि तशा अवस्थेत मी कोट भिजवून दोरीवर टाकला होता. हे नाक्यावर. मावशी आली. दुपारी कळा घट्ट झाल्या तेव्हा भिंतीपलीकडे पोती ओढायला सुरुवात झाली. एक कळ, एक पोतं. मला ऐकू येत होतं आणि मावशीलाही येत होतं. तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जोर लावा." ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. ती अशी कडकडून रडली की भिंतीपलीकडचे आवाज थांबले.

मावशी रोज तेल लावायला येत राहिली. ती वाळत चालली होती हे मला दिसत होतं. मी भाकरी दिली की खायची नाही, पदरात बांधून ठेवायची. मला वाटायचं, नातवंडांना नेत असेल. बाराव्या दिवशी बारसं झालं. मालकांकडून नवा कोरा पाळणा आला, रंगवलेला. त्या पाळण्यात मुलगी ठेवायला माझा हात होईना. संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं, पहिल्या निरोपापासून, एकही गोष्ट न गाळता.

मला वाटलं होतं ओरडतील. ह्यांनी रिकामा पाळणा हातानं थांबवला. मग म्हणाले, "कोट माझा हुता." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट घालून ते चालत जामखेडला गेले.

फौजदार चार शिपाई घेऊन आले तोवर तीन दिवस गेले होते. खोलीचं कुलूप उघडलं तर आत जमीन झाडून सारवलेली, ओल अजून वाळायची होती. मालक म्हणाले, "ही खोली तर मी कवाच जमादाराच्या ताब्यात दिलीया." गावातल्या माणसांना चावडीवर बोलावून विचारलं. माणसं खोटं बोलली नाहीत. कोट वाळत असायचा का? व्हय. तेव्हा मागं गाड्या लागायच्या का? व्हय. घर कुणाच्या ताब्यात? जमादाराच्या. मग फौजदारांनी ह्यांना विचारलं, घर घेतल्याचं लेखी कुठे आहे? ते कुठेच नव्हतं.

ह्यांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं. पट्टा आणि बिल्ला जमा करून घेतला, दोन्ही गणवेशही घेतले. मालकांनी शनिवारपर्यंत घर खाली करायला सांगितलं. ते जराही रागावले नाहीत. निघताना मला म्हणाले, "बाळंतिनीला वारं लागू दिऊ नका वैनी, दिवस थंडीचे हायत." मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि मी मान खाली घालून 'व्हय' म्हणाले.

त्या शुक्रवारी मुलीला गुंडाळून मी पहिल्यांदा मावशीच्या वस्तीवर गेले. आम्ही शेवटी सांगितलं, हे तिला कळावं असं मला वाटत होतं. खरं तर तिनं बरं म्हणावं, असं वाटत होतं. किल्ल्याला वळसा घालून पुढे गेले तर वस्तीत कुठे धूर नाही. दारं ओढून घेतलेली आणि प्रत्येक दाराला बाहेरून बाभळीच्या काट्यांची फांदी लावलेली. शाळेच्या खोलीलासुद्धा. मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

एकच दार उघडं होतं. आत मावशी बोचकं बांधत होती.

"पोरं कुठायत मावशी?" मी विचारलं.

"गेली की. दिवाळी झाल्या झाल्या गेली, मळ्यावर. समदीच गेली."

"मग तुमी?"

"तुमाला शबुद दिल्ता न्हवं," ती म्हणाली. "तुमी सुटस्तोवर जात न्हाई म्हनलं हुतं."

म्हणजे दीड महिना ती ह्या ओसाड वस्तीत एकटी राहत होती, आणि रोज चालत येऊन माझ्या मुलीला तेल लावत होती. पदरात बांधलेली भाकरी ती स्वतःच दोन वेळा पुरवून खात होती. आश्विनात मी तोंड उघडलं असतं तर कदाचित दुकानात ज्वारी राहिली असती आणि ही दारं उघडी असती. मी तिला चौकशीचं, खोलीचं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि बोचक्याची गाठ मारली.

"बरं केलं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, पण दुसरंही काही नव्हतं. मग तिनं मुलीला माझ्या हातातून घेतलं, टाळू दाबून पाहिली आणि विचारलं, "आता तुमी कुटं ऱ्हानार?"

"शनवारी घर खाली करायचंय," मी म्हटलं.

"मंग हितंच ऱ्हावा," मावशी म्हणाली. "चूल हाय, कौलं शाबूत हायत. हे न्हाई आवडलं तर वस्तीतलं कंचंबी घ्या. मोकळीच हायत समदी." तिनं मुलगी माझ्याकडे दिली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि मागे न बघता वाटेला लागली.

आम्ही त्या घरात चौकशी संपेपर्यंत राहिलो. माझी मुलगी तिथे रांगायला लागली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मृग होऊन गेला. त्या सगळ्या महिन्यांत मी दार कधी लावून घेतलं नाही. कुणीतरी येईल, हे घर आमचं आहे, निघा म्हणेल, म्हणून रोज वाटेकडे तोंड करून बसायची. कुणी आलं नाही.